पारख एकट्याची नव्हे, मंडळीची

दसरा झाला की बीड जिल्ह्यातली गावे रिकामी व्हायला लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी कोयते, भांडीकुंडी आणि लहान लेकरे घेऊन पश्चिम महाराष्ट्रातल्या, कर्नाटकातल्या साखर कारखान्यांकडे ऊसतोडीला निघतात, ती पाडव्याच्या आगेमागे परततात. या टोळ्यांत ख्रिस्ती कुटुंबेही असतात. त्यांचा नाताळ फडाशेजारच्या कोपीत होतो. गावातली मंडळी, पाळकसाहेब, रविवारची उपासना, चार ओळखीची शहाणी माणसे हे सगळे पाच-सहा महिने मागे राहते. अशा दिवसांत एखाद्या संध्याकाळी मोटारसायकलवरून कुणी येतो, बायबल उघडतो, आजारी लेकराच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतो आणि निघताना एखादा ‘संदेश’ देऊन जातो. येणाऱ्यांपैकी बहुतेक जण खरोखर प्रेमापोटी आलेले असतात. एखादा तसा नसतो. दिवसभर मोळ्या वाहून आलेल्या बाईने हे कसे ओळखायचे?

हा लेख तिच्यासाठी आहे आणि गावात मागे राहिलेल्या तिच्या मंडळीसाठीही. आत्मे ओळखणे हे पवित्र आत्म्याचे दान आहे असे पौलाने करिंथकरांना लिहिले, ते खरेच आहे. पण आपल्याकडे त्याचा अर्थ असा रुजला की ज्याची प्रार्थना खोल त्याला आतूनच कळते, आणि जो फसला त्याचा विश्वास कच्चा होता. या समजुतीने आपले फार नुकसान केले आहे. फसलेली माणसे पाहा. ती उपवास करणारी असतात, पोटाला चिमटा घेऊन दशमांश देणारी असतात, सभेला सर्वांत आधी येऊन सतरंज्या अंथरणारी असतात. विश्वासात ती कुणापेक्षा कमी नसतात. पण निर्णयाच्या वेळी ती एकटी असतात.

पहिल्या राजांच्या पुस्तकातला तेरावा अध्याय पुन्हा एकदा सावकाश वाचा. यहूदातून आलेला देवाचा माणूस बेथेलात राजा यराबामासमोर उभा राहतो, न्यायाचा शब्द निर्भयपणे सुनावतो. राजा त्याला जेवू घालायला आणि बक्षीस द्यायला निघतो, तो नाकारतो. इथे अन्नपाणी घ्यायचे नाही आणि आलेल्या वाटेने परतायचे नाही, अशी देवाची आज्ञा त्याला आहे. राजापुढे न डगमगलेला हा माणूस थोड्याच वेळाने एका म्हाताऱ्या संदेष्ट्यापुढे हरतो. तो झाडाखाली एकटाच बसलेला असतो. म्हातारा येऊन म्हणतो, मीही तुझ्यासारखाच संदेष्टा आहे आणि तुला घरी नेऊन जेवू घालायला देवदूताने मला सांगितले आहे. तो खोटे बोलत होता, असे शास्त्र तिथेच सांगते. देवाचा माणूस त्याच्याबरोबर जातो, जेवतो, आणि परतीच्या वाटेवर सिंह त्याला ठार करतो.

फसवणारा परका नव्हता, हे ध्यानात घ्या. वयाने मोठा, त्याच कामातला, तीच भाषा बोलणारा, वर देवदूताचे नाव घेणारा. आणि फसलेल्याजवळ एवढेही विचारणारा कुणी सोबती नव्हता, की देवाने तुला जे स्वतः स्पष्ट सांगितले ते बदलायचे असेल तर तो तुलाच का सांगणार नाही?

याच्या उलट चित्र प्रेषितांच्या कृत्यांच्या सतराव्या अध्यायात आहे. पौल आणि सीला बिरुयात येतात. तिथले लोक वचन आनंदाने ऐकतात, आणि मग रोज शास्त्र उघडून पौल सांगतो ते तसेच आहे का ते ताडून पाहतात. लूक त्यांना अविश्वासू म्हणत नाही, थेस्सलनीकातल्या लोकांपेक्षा मोठ्या मनाचे म्हणतो. ज्या उपदेशकाला ‘हे कुठे लिहिले आहे?’ असे विचारले की राग येतो, त्याने स्वतःला पौलापेक्षा मोठे मानले आहे. हा प्रश्न विचारायची सवय मंडळीत लहानपणापासून लागली पाहिजे. रविवारच्या शाळेतल्या मुलांनी पाळकांना तो विचारला तर पाळकांनी आनंदाने बायबल उघडून दाखवावे. अध्याय आणि ओवी सांगणे एवढेच पुरेसे नाही. त्या ओवीच्या आधी काय आहे आणि पुढे काय आहे तेही वाचून दाखवावे. अरण्यात सैतानानेही येशूपुढे स्तोत्राचेच शब्द ठेवले होते.

एकत्र पारख करायची म्हणजे गर्दी जिकडे जाते तिकडे जायचे, असा मात्र अर्थ कुणी घेऊ नये. बीडकरांना हे वेगळे सांगायची गरज नाही. ज्ञानराधा मल्टिस्टेट या पतसंस्थेतल्या ठेवी अडकल्या, 2024 मध्ये संस्थेच्या प्रमुखांना अटक झाली, आणि मुलीच्या लग्नाचे, निवृत्तीचे, जमीन विकून आलेले पैसे ठेवलेली घरे हवालदिल झाली. त्या ठेवी कुणी एकट्याने अंधारात ठेवल्या नव्हत्या. शेजाऱ्याने ठेवले, नात्यातल्याने ठेवले, व्याज वेळेवर येते आहे असे चारचौघांनी सांगितले, म्हणून ठेवल्या. इतक्या लोकांपैकी हिशेब मागून, वाचून पाहणारे किती होते? अहाब राजापुढेही सुमारे चारशे संदेष्टे एका सुरात ‘जा, जय तुझाच’ म्हणत होते आणि एकटा मीखाया वेगळे बोलत होता. चारशेंनी एकमेकांना तपासले नव्हते, एकमेकांची री ओढली होती. पौलाने करिंथच्या मंडळीला घालून दिलेली रीत निराळी आहे: संदेश दोघा-तिघांनी द्यावा आणि इतरांनी तो तोलून पाहावा. तोलणारे वेगळे आणि जागे असावे लागतात. म्हणून प्रत्येक मंडळीत, मग ती पंधरा घरांची का असेना, दोन-तीन माणसे अशी ठरवून ठेवा की ज्यांचा कुठल्याही पाहुण्या उपदेशकाशी पैशाचा किंवा नात्याचा संबंध नाही. त्यांत एक तरी बाई असावी. घरातल्या गोष्टी बायका बाईलाच सांगतात.

पाहुण्या उपदेशकांचा प्रश्न आजचा नाही. ‘डिडाखे’ नावाचे एक छोटे पुस्तक आहे, प्रेषितांची शिकवण या अर्थाचे. ते पहिल्या शतकाच्या अखेरचे किंवा दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीचे मानले जाते. शतकानुशतके ते हरवल्यातच जमा होते. 1873 मध्ये त्याचे हस्तलिखित कॉन्स्टँटिनोपलात सापडले. तेव्हाच्या मंडळ्या आपल्यासारख्याच लहान, गरीब आणि विखुरलेल्या होत्या, आणि गावोगाव फिरणारे प्रेषित व संदेष्टे त्यांच्याकडे येत. त्या मंडळ्यांनी काय नियम केले? येणाऱ्याचे प्रभूच्या नावाने स्वागत करायचे. तो एक दिवस राहील, गरज पडली तर दुसरा. तिसऱ्या दिवशीही हलला नाही तर तो खोटा. निघताना त्याला पुढच्या मुक्कामापुरती भाकरी द्यायची. पैसे मागितले तर तो खोटा. आत्म्याच्या नावाने स्वतःसाठी ताट मागवून स्वतःच जेवणारा खोटा. जे शिकवतो ते न करणारा खोटा. दुसऱ्या गरजवंतासाठी मागत असेल तर मात्र त्याचा न्याय करायचा नाही.

या नियमांत अंतर्ज्ञानाची भाषा नाही. किती दिवस राहिला, काय मागितले, कुणासाठी मागितले, स्वतः कसा वागतो, हे सगळे उघड्या डोळ्यांनी दिसणारे आहे. साधी, निरक्षर माणसेसुद्धा हे पाहू शकतात. येशूने झाड फळावरून ओळखायला सांगितले तेही याच कारणासाठी असावे. फळ पाहायला वेळ मात्र लागतो, आणि आपण कमी पडतो ते तिथेच. बैलबाजारात जनावराचे दात पाहिल्याशिवाय, चालवून पाहिल्याशिवाय आपण पैसे काढत नाही. आत्म्याच्या बाबतीत मात्र एका संध्याकाळीच सगळे देऊन मोकळे होतो.

म्हणून पाहुण्याला व्यासपीठ देण्यापूर्वी त्याच्या गावच्या मंडळीला फोन करा. तो कुणाच्या देखरेखीखाली काम करतो ते विचारा. ‘मी फक्त परमेश्वराला उत्तर देतो’ असे म्हणणाऱ्याला चहा द्या, जेवू घाला, माइक देऊ नका.

आता फसवणूक प्रत्यक्षात कशी चालते ते पाहू. तिचे मुख्य बळ भीतीत आहे. आपल्या जिल्ह्याने याचे फार कटू उदाहरण पाहिले आहे. ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भपिशव्या काढण्याचा प्रश्न 2019 मध्ये राज्यभर गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या सरकारी समितीपुढे आलेल्या पाहणीत जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. पोटात दुखते म्हणून गेलेल्या बाईला ‘पिशवी काढली नाही तर कॅन्सर होईल’ असे सांगितले गेल्याचे अनेकींनी सांगितले. ज्या बाईला एक दिवसाचा खाडा परवडत नाही, तिला दुसऱ्या डॉक्टरला विचारायला वेळ कुठला? भीती घातली, घाई केली, आणि विचारायला जवळ कुणी नव्हते. डॉक्टरी जगात हे झाले. तीच पद्धत प्रार्थनेच्या चटईवर वापरली जाते तेव्हा ‘कॅन्सर’च्या जागी ‘शाप’ हा शब्द येतो.

‘तुमच्या घराण्यावर शाप आहे. माहेरकडून आला आहे. म्हणून नवरा पितो, म्हणून मूल राहत नाही. एकवीस दिवसांत तोडला नाही तर मोठ्या मुलावर जाईल.’ असे बोलणे कानावर आले की यहेज्केलाचा अठरावा अध्याय आणि योहानाचा नववा अध्याय काढा. मुलगा बापाच्या पापाचा भार वाहणार नाही, असे देव यहेज्केलाकडून ठणकावून सांगतो. जन्मांध माणसाविषयी शिष्य विचारतात, पाप कुणाचे, याचे की आईबापांचे? येशू दोन्ही नाकारतो. ख्रिस्ताने शाप स्वतःवर घेतला असे आपण मानतो आणि पुन्हा शाप तोडायला अकराशे रुपये आणि तेलाची बाटली देतो, हे सुवार्तेच्या विरुद्ध आहे. नवऱ्याच्या पिण्यावर प्रार्थना करा, जरूर करा. त्याला व्यसनमुक्तीच्या उपचारालाही न्या.

शापाच्या बोलण्यामागोमाग येते ते गुपित. ‘हे कुणाला सांगू नका, नाहीतर आशीर्वाद निघून जाईल.’ ‘पाळकांना आत्म्याचे हे काम कळणार नाही.’ ‘बाईंनी एकट्या थांबावे, खास प्रार्थना आहे.’ यातले पहिले वाक्य ऐकताच उठावे आणि तिसरे ऐकताच लेकीसुनांना घेऊन घराबाहेर पडावे. एकट्या बाईसाठी किंवा मुलासाठी बंद दारामागे, रात्री-अपरात्री प्रार्थना करायची नाही, हा नियम उपदेशक कितीही ओळखीचा असो, कितीही वयस्कर असो, मोडू नये. चांगल्या सेवकाला या नियमाचा राग येत नाही, कारण त्याचेही त्यात रक्षण आहे. मुलाच्या बाबतीत काही घडल्याची शंका आली तर मंडळीची बैठक होईपर्यंत थांबू नका. 1098 ही मुलांची हेल्पलाइन आहे, पोलिसांसाठी 112 आहे.

भविष्यवाणीविषयी थोडे सांगतो. तिला तुच्छ मानू नका, सगळ्याची परीक्षा करा, चांगले ते धरा, असा सल्ला पौलाने थेस्सलनीकाकरांना दिला. त्यामुळे आत्म्याचे काम आज होतच नाही असे मी म्हणणार नाही. पण ‘त्याने माझे सगळे ओळखले’ एवढ्यावर माणसे जीव टाकतात, तिथे थांबा. अनुवादाच्या तेराव्या अध्यायात स्पष्ट आहे की सांगितलेले चिन्ह खरे ठरले तरी तो माणूस तुम्हाला देवापासून दूर नेत असेल तर ऐकायचे नाही. फिलिप्पैत पौलाच्या मागे ओरडत फिरणारी दासी जे बोलत होती ते शब्दशः खरे होते. तरी पौलाने तिच्यातला आत्मा ओळखला, आणि तिच्या धन्यांची कमाई बुडाली तेव्हा खरा धंदा उघड झाला. 1986 मध्ये अमेरिकेत पीटर पॉपॉफ नावाचा चंगाईवाला उघडा पडला. सभेत तो अनोळखी लोकांची नावे, आजार, पत्ते सांगे. जेम्स रँडी या जादूगाराच्या साथीदारांनी रेडिओ लहरी पकडल्या, तेव्हा कळले की सभेआधी लोकांनी भरलेल्या प्रार्थनेच्या कार्डांवरची माहिती त्याची बायको त्याच्या कानातल्या यंत्रात सांगत होती. आता तर यंत्राचीही गरज नाही. चिठ्ठीवर लिहिलेली विनंती, व्हॉट्सअॅपच्या गटावर टाकलेली लेकराच्या आजाराची बातमी, फेसबुकवरचे फोटो एवढे पुरते. म्हणून मोठ्या सभेत चिठ्ठी देताना पूर्ण नाव, फोन नंबर, घरची अडचण लिहू नका. देवाला तुमचा पत्ता ठाऊक आहे.

आणि गोड भविष्यवाणीलाही लगेच उत्तर देऊ नका. यिर्मयाच्या काळी हनन्या नावाच्या संदेष्ट्याने मंदिरात सर्वांसमोर सांगितले की दोन वर्षांत बाबेलचे जू मोडेल. यिर्मया म्हणाला, आमेन, तसे होवो. पण संदेश खरा की खोटा ते घडल्यावर कळेल. हनन्याने यिर्मयाने खूण म्हणून मानेवर घातलेले जू हिसकावून मोडले, तेव्हा यिर्मया न भांडता तिथून निघून गेला. देवाचा शब्द त्याला नंतर आला. संदेष्टासुद्धा थांबला. ‘यंदा तुमची उचल फिटेल, फक्त इतके बीज पेरा’ असे सांगणाऱ्याला आपणही म्हणू शकतो, आमेन, फिटू दे, मग येऊन साक्ष देऊ.

सर्वांत जास्त जीव जातात ते आजारपणात. इथे मी हात जोडून सांगतो: प्रार्थनेसाठी गोळी बंद करू नका. क्षयरोगाचा नेहमीचा उपचार सहा महिन्यांचा असतो आणि सरकारी दवाखान्यात तो मोफत मिळतो. दोन महिन्यांत खोकला थांबतो, वजन वाढते, आणि नेमके तेव्हा कुणीतरी साक्ष द्यायला उभे करून म्हणते, ‘आता औषध घेणे म्हणजे अविश्वास.’ औषध मध्येच सोडले की जंतू उलटतो, मग साध्या गोळ्यांना दाद देत नाही, आणि घरातल्या लेकरांनाही तोच लागण्याचा धोका राहतो. साखरेच्या इन्सुलिनचे, फेफऱ्याच्या गोळ्यांचे, मानसिक आजाराच्या उपचाराचेही तसेच. फडात साप चावला तर प्रार्थना गाडीत बसून करा, गाडी दवाखान्याकडे धावत असताना.

बरे झाल्याची परीक्षा घेणे हा अविश्वास नव्हे. येशूने कुष्ठरोग्याला बरे केले आणि लगेच सांगितले, जाऊन स्वतःला याजकाला दाखव. त्या काळी शुद्ध झाल्याचा दाखला देण्याचे काम याजकाचे होते. दहा कुष्ठरोग्यांनाही त्याने तेच सांगितले. ज्याने खरोखर बरे केले त्याला तपासणीची भीती वाटली नाही. मग आपल्या चंगाई सभेत बरा झालेला माणूस अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयात थुंकी तपासून का येऊ नये? अहवाल चांगला आला तर साक्ष दुप्पट जोराने द्यावी. डॉक्टरांनी औषध थांबवा म्हटले की थांबवावे. पौलाचा सोबती लूक वैद्य होता. पोटाच्या वारंवार होणाऱ्या दुखण्यासाठी तीमथ्याला पौलाने उपाय सुचवला. त्रफिमाला तर तो मिलेतात आजारी ठेवून पुढे गेला. प्रेषितांच्या गोटातही सगळेच जागच्या जागी बरे झाले नव्हते, आणि त्यासाठी कुणी त्रफिमाच्या विश्वासाला बोल लावला नाही.

2013 चा महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा सर्व धर्मांना सारखाच लागू आहे, हेही लक्षात असू द्या. प्रार्थना करणे त्यात गुन्हा नाही. भूत काढतो म्हणून मारहाण करणे, साप किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला उपचारापासून अडवणे हा गुन्हा आहे, मग तो कुणाच्याही नावाने केलेला असो. आणि ही वाट कुठवर जाऊ शकते ते केनियातल्या शाकाहोलाच्या जंगलात 2023 मध्ये जगाने पाहिले. उपाशी राहिलात तर येशूची भेट होईल असे सांगणाऱ्या एका उपदेशकाच्या मागे गेलेल्या लोकांचे चारशेंहून अधिक मृतदेह तिथे सापडले, त्यांत पुष्कळ लहान मुले होती.

पैशाचे थोडक्यात. अर्पण मंडळीच्या नावाने, पावतीसह, दोन माणसांनी मोजलेले असावे. खासगी क्यूआर कोडवर नव्हे. न्यास नोंदणीकृत आहे का आणि त्याचे हिशेब तपासले जातात का, हे धर्मादाय कार्यालयात विचारता येते. परदेशातून तुमच्या मंडळीसाठी देणगी किंवा पार्सल आले आहे, सोडवण्यासाठी आधी शुल्क भरा, असा फोन आला तर तो लुबाडणुकीचाच समजा. या सापळ्यात पाळकच जास्त अडकतात, कारण त्यांना छप्पर घालायचे असते, विहीर खणायची असते. पैसे गेलेच तर त्याच तासात 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा.

आता थोडे अवघड बोलायचे आहे. आपल्यात एक उत्तर ठरलेले असते: ‘आपण मूठभर, आधीच लोक बोट दाखवतात, त्यात हे बाहेर काढले तर त्यांच्या हाती आयते कोलीत.’ ही भीती खोटी नाही. शिवाय पुष्कळ घरे कागदावर एक आणि मनाने दुसरी आहेत. 1950 च्या अनुसूचित जातींच्या आदेशामुळे ख्रिस्ती झालेल्याला अनुसूचित जातीच्या सवलती मिळत नाहीत, म्हणून विश्वास झाकून ठेवावा लागतो. ज्याला आपला विश्वासच उघड सांगता येत नाही, तो त्या विश्वासाच्या नावाने झालेली लूट कुठे सांगणार? लुबाडणाऱ्याला हे पक्के ठाऊक असते, आणि तो अशाच घरांचे दार ठोठावतो. म्हणून अशा घराला मंडळीने विशेष जपले पाहिजे. त्यांनी चौकात बोलावे अशी अपेक्षा नको. त्यांच्यासाठी ऐकणारा एक विश्वासू माणूस हवा, आणि बोलायचे काम मंडळीने अंगावर घ्यावे. आपल्या पापावर पांघरूण घातल्याने मंडळीचे नाव राखले जाते, हे मला पटत नाही. प्रकटीकरणात प्रभू इफिसच्या मंडळीची स्तुती करतो, कारण तिने स्वतःला प्रेषित म्हणवणाऱ्यांची परीक्षा घेऊन त्यांना खोटे ठरवले होते.

त्याच इफिसला लगेच पुढे ठपका आहे, की तू आपली पहिली प्रीती सोडलीस. रोज कुणाला ना कुणाला खोटा ठरवत बसणारी मंडळी कोरडी पडते. टाळ्या वाजवून गाणारे खोटे आणि पुस्तकातून प्रार्थना वाचणारे मेलेले, असली भांडणे म्हणजे पारख नव्हे. कॅथलिक, सीएनआय, मेथडिस्ट, पेंटेकोस्टल, या पद्धतींतला फरक हा फसवणुकीचा पुरावा होऊ शकत नाही. ख्रिस्त कोण आहे, त्याने काय केले, आणि हा माणूस मला त्याच्याकडे नेतो आहे की स्वतःकडे, एवढ्यावर पाहावे.

चौकशी करणे हे मराठी ख्रिस्ती माणसाच्या रक्तातच आहे, म्हणून हे सगळे आपल्याला जड जाऊ नये. नारायण वामन टिळकांना 1893 मध्ये आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने नवा करार दिला. बाप्तिस्मा झाला 10 फेब्रुवारी 1895 रोजी. मधला सगळा काळ त्यांनी वाचण्यात, पत्रे लिहिण्यात, शंका मांडण्यात घालवला. पंडिता रमाबाईंनी 1883 मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतल्यावरही आपल्या गुरुस्थानी असलेल्या मठभगिनींशी सिद्धांतांवर पत्रांतून वाद घातला. ज्यांचे मीठ खाल्ले त्यांच्यापुढेही विवेक गहाण टाकला नाही. लहानपणी आईवडील आणि भावंडांबरोबर उपाशीपोटी तीर्थे हिंडताना भाविकांना कसे लुबाडले जाते ते त्यांनी पाहिले होते. एका तळ्यात तरंगणारे डोंगर दाखवत. पापी माणसाकडे ते येत नाहीत म्हणत, आणि पाण्यात मगरी आहेत अशी भीती घालत. त्यांच्या भावाने गुपचूप पोहून पाहिले, तर डोंगर तराफ्यांवर रचलेले निघाले आणि त्यांना मागून ढकलणारी माणसे होती. हे वाचून दुसऱ्याच्या धर्माला हसण्याचा आपल्याला काही अधिकार नाही. आपल्या मांडवातही तराफे आहेत. आपल्याला हवा तो त्या भावाचा पोहून पाहण्याचा धीर.

दसऱ्याआधीचा एक रविवार मंडळीने टोळीवर जाणाऱ्या घरांसाठी राखावा. कोण कुठल्या कारखान्याला जाते, त्याच्या जवळपास कुठली ओळखीची मंडळी आहे, ते लिहून घ्यावे. त्या मंडळीच्या पाळकांना आधीच कळवावे. जाणाऱ्या प्रत्येकीच्या फोनमध्ये गावातल्या दोन माणसांचे नंबर भरून द्यावेत, आणि आठवड्यातून एकदा गावाकडून फोन जावा. तिच्या फोनची वाट पाहत बसू नये. कोपीत कुणी प्रार्थनेला आले, तर नाव-गाव विचारून तेवढे कळवायला सांगावे. औषधे चालू असणाऱ्यांना संपूर्ण मुदतीची चिठ्ठी आणि तिथल्या सरकारी दवाखान्याचे नाव द्यावे.

कुणी फसून परत आलेच तर ‘सांगितले होते ना’ हे शब्द तोंडातून काढू नका. आधी औषध पुन्हा सुरू होईल असे पाहा, कर्ज किती झाले ते शांतपणे मांडा, सही केलेल्या कागदांच्या प्रती मिळवा. साक्ष देणाऱ्या माणसाला आपण व्यासपीठावर बसवतो. फसलेल्या माणसालाही, त्याची तयारी असेल तेव्हा, तितक्याच मानाने बोलू द्या. आणि फसवणारा आपल्याच मंडळीतला असेल, चूक कबूल करून परत येऊ पाहत असेल, तर पाळकांच्या खोलीतली माफी पुरेशी धरू नका. ज्या व्यासपीठावरून तो संदेश सर्वांना सांगितला, तिथूनच, त्याच लोकांसमोर, तो खोटा होता हे त्याने सांगावे, आणि घेतलेले पैसे पावती करून परत करावेत.